मावशींच्या हातचा घास

"मुलांना भरवतं कोण?" दवाखान्यातून आलेल्या सिस्टरने विचारलं आणि पाळणाघरात जमलेल्या सगळ्या पालकांच्या माना मावशींकडे वळल्या.

"मीच," मावशी म्हणाल्या. म्हणताना त्यांना थोडा अभिमानही वाटला. वाटणारच. घरी ताटाला लाथ मारणारी पोरं इथे त्यांच्याभोवती गोल करून बसायची. एकाच थाळ्यात सगळं मऊ कालवायचं आणि घास देत फिरायचं. मध्येच कुणाचं नाक पुसायचं, कुणाची चड्डी बदलायची, की पुन्हा घास.

सिस्टरच्या हातात तपासणीचे कागद होते. बहुतेक मुलांच्या पोटात जंत निघाले होते, आणि मावशींच्याही. मावशींना तर कधी साधी कळ आली नव्हती.

"त्रास नसला तरी असतात," सिस्टर म्हणाली. "चड्डी बदलल्यावर हात कशाने धुता?"

"पाण्यानं."

"साबण?"

खरं घोडं इथेच पेंड खात होतं. साबण बाईंच्या, म्हणजे पाळणाघराच्या मालकिणीच्या, कपाटात कुलूपबंद असायचा. मागितला की बाई म्हणायच्या, "एवढा कशाला लागतो हो? खाता की काय?" दोनदा मागून मावशींनी नाद सोडला. हात पाण्यात खळबळायच्या, कपड्याला पुसायच्या आणि आपल्याइतकं स्वच्छ कुणी नाही असं मानायच्या.

"साबण असतो की," बाई घाईघाईने म्हणाल्या. "मी काय साबणाला कमी करते? मावशी, तुम्हीच सांगा."

पालकांच्या मागे मावशींची लेक उभी होती, कडेवर नात. नातीला बाईंनी इथे फुकटात ठेवून घेतलं होतं. ती सोय गेली तर लेकीची नोकरी जाणार, आणि जावई वारल्यापासून घर त्या नोकरीवरच चाललेलं. बाईंनी एकदा नातीकडे पाहिलं, मग मावशींकडे.

"असतो साबण," मावशी म्हणाल्या. "मीच लावत नाही. वय झालं, राहून जातं."

"आणि आम्ही म्हणायचो, मावशींच्या हाताला चव आहे," एक आई म्हणाली. कुणीतरी हसलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर हा संन्यासी आपल्याच हाताने गळ्यात दोर घालून घेत होता. आणि अगदी निर्दोषही नव्हता, हे त्यातलं कडू.

बाईंचा जीव भांड्यात पडला. साबण बाहेर आला, चमचे आले. "काढून टाकत नाही तुम्हाला," त्या मोठ्या मनाने म्हणाल्या. "फरशी पुसा, कपडे धुवा. फक्त मुलांच्या खाण्याला हात लावू नका."

दुपारी बाई स्वतः भरवायला बसल्या. पोरं ओठ मिटून मावशींकडे बघत राहिली. मावशींनी पाठ फिरवली आणि फरशी पुसत राहिल्या. आतून जळत होत्या त्या. पण नातीची जागा राहिली होती.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी जंताची गोळी घेतली, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि नातीची वाटी घेऊन बसल्या. लेकीने वाटी हळूच ओढून घेतली.

"राहू दे आई. मी भरवते."

"अगं, धुतलेत हात. साबणानं."

"आज धुतलेस."

"बाई साबण देतच नव्हती गं. कुलपात ठेवायची."

लेकीने वाटी खाली ठेवली. "मग तिथं का नाही बोललीस? सगळ्यांसमोर तूच म्हणालीस, मी लावत नाही. आणि आता घरी येऊन बाईचं नाव घेतेस?"

तुझ्यासाठी, असं मावशींच्या ओठांवर आलं होतं. पण लेकीचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. हे कळलं तर उद्याच्या उद्या ती पोरीला तिथून काढेल, नोकरीवर पाणी सोडेल, आणि केलं ते सगळं मातीत जाईल.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

लेकीने मुलीला मांडीवर घेतलं, पाठमोरी होऊन ती चमच्याने भरवू लागली. मावशींनी आपलं ताट पुढे ओढलं, हात ताटावर नेला आणि तसाच धरला.

"मलाही एक चमचा दे," त्या म्हणाल्या.