ब्रेक सोड

आमच्या हिच्या एका वाक्याला मी रोज हसायचो. सकाळी डबा हातात देताना ती म्हणायची, "एवढ्या उंचावर बसता, तर जरा देवाशी ओळख ठेवा." मी म्हणायचो, "माझी ओळख ब्रेकशी आहे. तेवढी पुरे."

मी क्रेन चालवतो. इमारतीहून उंच मनोरा, त्यावर लांबलचक आडवा लोखंडी हात, म्हणजे बूम, आणि बूमच्या बुडाशी माझी केबिन, एक माणूस जेमतेम मावेल एवढी. देवाला मी मानत होतो, पण माझ्या कामात हात घालू देत नव्हतो.

त्या दुपारी जेवून वर चढलो, तेव्हा हवा अगदी पडलेली होती. सळयांचा एक भारा उतरवला आणि आभाळ बघता बघता काळंठिक्कर झालं. जोराच्या वाऱ्याचा इशारा देणारा भोंगा वाजला. खालची माणसं पळाली. मी शिडीवर पाय ठेवायला गेलो, तर वाऱ्यानं मला परत केबिनीत ढकललं.

वायरलेसवर मुकादम ओरडला, "हुक वर घे, ब्रेक सोड आणि गप बसून राहा!"

हुक वर घेतला. बूम अडवून धरणारा ब्रेक सोडवेना. दांड्यात काही बिघाड नव्हता, बिघाड माझ्यात होता. वादळात बूम मोकळा सोडायचा, हे मीच नवीन लोकांना शिकवतो. मोकळा बूम वाऱ्याच्या कलानं फिरतो आणि क्रेन टिकते. अडवून धरला, तर वारा आडवा आदळतो आणि मनोरा उलथू शकतो. सगळं पाठ होतं. पण एवढं लोखंड वाऱ्याच्या ताब्यात द्यायचं आणि आपण त्यातच बसून राहायचं? माझी पाचावर धारण बसली. ब्रेकचा दांडा मी दोन्ही हातांनी आवळून धरला.

मनोरा कण्हायला लागला. केबिन कलायची, आणि सरळ व्हायला दर वेळी जास्तच वेळ घ्यायची.

"अरे मुडद्या, सोड तो ब्रेक! पडेल ती!" मुकादमाचा आवाज फाटला. मग वायरलेस खरखरला आणि बंद पडला.

आता कुणीच नव्हतं. आपण आज मरणार, आणि हिला ते दुसऱ्या कुणीतरी दारात येऊन सांगणार, एवढंच डोक्यात होतं. हातांना लाख सांगितलं, हात ऐकेनात. शेवटी मी गळा फाडून ओरडलो, "देवा, माझ्याच्यानं होत नाही रे! तू धर!"

बोटं सुटली. कशी, ते मला आजही सांगता येत नाही. बूम गरकन फिरला, त्याच्याबरोबर मी फिरलो, खालचे रस्ते आणि छपरं डोळ्यांपुढून भर्रकन गेली. डोळे गच्च मिटून मी "धर, धर" एवढंच म्हणत राहिलो. वारा कमी झाला नाही, भीतीही नाही. पण कण्हणं थांबलं. वारा वळेल तसा बूम वळत होता आणि मनोरा उभा होता.

वादळ ओसरल्यावर खाली उतरलो. संध्याकाळी घरी आलो आणि चहाचा कप दोन्ही हातांनी आवळून बसलो. हिनं तो काढून घेतला, माझे दोन्ही हात धरले आणि समोर बसली.

"आज ओळख झाली," मी म्हणालो.

ती हसली नाही. "काय म्हणाला?"

"काही नाही. धरलं त्यानं."