अथेन्स, स्पार्टा आणि मधली खोली

मी नकाशा बोलतोय. हसू नका. इतकी वर्षं प्राध्यापकांची व्याख्यानं ऐकल्यावर कुणालाही वाचा फुटेल.

माझ्या एका अंगावर प्राचीन ग्रीस छापलाय, दुसऱ्या अंगावर आजचं जग. कॉलेजने एकाच नकाशात दोन विभागांची सोय केली आणि माझ्या नशिबी ओढाताण आली. प्राचीन इतिहासाच्या प्रमुखांना मुलं जुने सर म्हणतात, आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या प्रमुखांना नवे सर. वयाने नवेच मोठे आहेत, पण ते असो.

जुने सर अडीच हजार वर्षांपूर्वीचं युद्ध शिकवतात. समुद्रावर दादागिरी करणारं अथेन्स वर येऊ लागलं, जमिनीवर दबदबा असलेल्या स्पार्टाच्या पोटात गोळा आला आणि दोघं सत्तावीस वर्षं एकमेकांच्या उरावर बसले. नवे सर मला उलटा करून तेच अमेरिका आणि चीनच्या नावाने शिकवतात. फक्त अथेन्स कोण, यावर दोघांचं कधी जमलं नाही. अमेरिकेकडे लोकशाही आणि आरमार, म्हणून ती अथेन्स, असं जुने म्हणणार. पण धास्ती तिनेच घेतलीय, म्हणजे ती स्पार्टा, असं नवे म्हणणार. चहा निवून जायचा. भीतीने शहाणीसुरती माणसं वेडी होतात, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत असायचं.

मग नव्या सरांच्या वर्गात मुलं वाढू लागली. जुन्या सरांनी लगेच मला आपल्या वर्गात नेऊन टांगलं. नव्या सरांनी त्या वर्गाला कुलूप लावलं. जुन्यांनी त्या कुलपावर दुसरं लावलं. दोन दिवस मी आत आणि दोन्ही विभाग व्हरांड्यात!

दोघांच्या मधोमध भाषेच्या बाईंची खोली. विभागात त्या एकट्याच. एक कपाट आणि मूठभर विद्यार्थी.

"बाई, नकाशा आमच्याकडेच राहावा, या अर्जावर सही करा," जुने सर म्हणाले. "इतिहास आणि भाषा म्हणजे सख्ख्या बहिणी."

"सर, मला आपलं शिकवू द्या. मी कुणाच्याच बाजूची नाही."

नवे सरही येऊन गेले. "आमच्या बाजूची नाही म्हणजे कुणाच्या बाजूची, ते कळतं हो आम्हाला!"

हे मी आधीही ऐकलं होतं. माझ्या ग्रीसच्या अंगावर दक्षिणेला एक टिकलीएवढं बेट आहे, मेलोस. पोरं ते 'मेलास' असं ऐकतात आणि फिदीफिदी हसतात. आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही, असं त्या बेटाने त्याच युद्धात सांगितलं होतं. अथेन्सने तिथले पुरुष मारले, बायकामुलं विकली. जुने सर दरवर्षी हे सांगताना चष्मा काढून डोळे पुसतात.

शेवटी प्राचार्यांनी दोघांना दम भरला, आणि एका दुपारीत समेट झाला. बाईंची खोली घ्यायची, तिथे दोघांनी मिळून 'शांतता अभ्यास केंद्र' काढायचं. बाईंना जिन्याखाली, पाण्याच्या टाकीशेजारी एक टेबल मिळालं. मुलं पायऱ्यांवर बसू लागली. येणारे-जाणारे त्यांच्या वह्या ओलांडून जातात.

उद्घाटनाला दोन्ही सर तासभर युद्धाच्या भीषणतेवर बोलले. मग कुणीतरी म्हणालं, "आभार बाईंना मानू द्या, त्यांची भाषा चांगली आहे."

बाई उठल्या. "दोन्ही सरांचे मनापासून आभार. इतकी वर्षं ते हे युद्ध शिकवत होते, मला काही ते नीट कळलं नव्हतं. या वेळी त्यांनी करून दाखवलं."

सगळ्यात आधी टाळ्या त्या दोघांनीच वाजवल्या. "छान बोलल्या," जुने सर नव्यांच्या कानात म्हणाले. बाई पदर सावरून जिन्याखाली तासाला निघून गेल्या.

मला संताप येतो, पण कागदाच्या संतापाला कोण विचारतो? तेव्हा वाचकहो, एकच विनंती. मला इथून उतरवा, गुंडाळा, माळ्यावर टाका, वाळवीला घाला. या भिंतीवर एकच खिळा आहे. त्यावर बाईंचं वेळापत्रक असायचं. ते काढून दोन्ही सरांनी मला तिथे टांगलंय.