पत्र्याखालची रेघ

बोंगकाकांनी पत्र्याची एक कड दोन बोटांनी उचलली, मान तिरपी करून खाली पाहिलं आणि पत्रा होता तसा ठेवला.

"कासव नाही," ते म्हणाले.

"मग काय आहे?" ओबेदनं विचारलं.

"कासव नाही एवढं सांगतो. कासवाला इतके कोपरे नसतात."

पत्रा अंगणाच्या मधोमध होता. चार टोकांवर चार नारळ ठेवलेले. गेले पाच दिवस सगळं गाव त्याला वळसा घालून जात होतं. माणसं, कोंबड्या, आणि सायलस पाद्र्यांची डुकरीणसुद्धा, जी एरवी कशालाच वळसा घालत नसे. पत्र्याखाली काळ्या वाळूत एक अर्धी रेघ होती. ती मासेंगनं ओढली होती. ओढता ओढता तो उठला, स्वयंपाकाच्या झोपडीच्या पायरीवर जाऊन बसला आणि बसल्या बसल्या गेला. बासष्ट वर्षांचा होता. त्याच्या बोटाला वाळू लागलेली होती, ती बायकोनं, रोलिननं, कुणाला पुसू दिली नाही. तसाच पुरला.

आज पाचवा दिवस. दुपारपासून तापल्या दगडांखाली केळीच्या पानांत गुंडाळलेलं लापलाप भाजत होतं, आणि किसलेल्या कोनफळाचा, नारळाच्या दुधाचा वास अंगणात असा भरून राहिला होता की कुणी उठून चाललं तर तो बाजूला सारून चालल्यासारखं वाटावं. डोंगराच्या तोंडातून राख भुरभुरत होती. कोंबड्यांच्या पाठी करड्या झाल्या होत्या. वडाखाली बसलेल्या पुरुषांनी कावा, मुळं कुटून काढलेलं गुंगीचं पेय, घ्यायला सुरुवात केली होती, त्यामुळे बोलणं कुजबुजीवर आलं होतं. कावा पोटात गेला की मोठ्यानं बोलत नाहीत. आवाज डोक्याला लागतो. त्या वेळी बेटावर बायकाही भांडायच्या थांबतात आणि राहिलेलं सकाळी भांडतात.

आणि आज सूर्य बुडताना मासेंग काळ्या खडकापाशी पोचणार होता.

पश्चिमेच्या टोकावरच्या त्या खडकापर्यंत जिवंत माणूस सकाळी चहा पिऊन निघाला तर दुपारी पोचतो. मेलेल्याला पाच दिवस लागतात. त्यांना घाई नसते. खडकाखाली म्हातारी वाट अडवून बसलेली असते. तिनं वाळूत रेघ काढून ठेवलेली असते, आणि माणूस जवळ आला की ती त्यातली अर्धी तळव्यानं पुसून टाकते. माणसानं ती पुरी करायची. आली, तर पलीकडे आईबाप, आजे-पणजे वाट बघत असतात. नाही आली, तर म्हातारी त्याला खाते. म्हणून इथे पोर चालायला लागलं की त्याला रेघ, म्हणजे एकाच ओढीत काढायचं चित्र, शिकवतात. बोट वाळूतून उचलायचं नाही, मध्ये थांबायचं नाही, आणि जिथून निघालो त्याच ठिपक्यावर परत यायचं.

मासेंगसारखी रेघ बेटावर कुणाचीच नव्हती. तो ठिपके मांडायचा, डोळे अर्धे मिटायचा आणि बोट असं सोडून द्यायचा की जणू ते त्याचं नव्हतंच, कुणाचं तरी चरायला सोडलेलं जनावर होतं. रेघ वळायची, स्वतःखालून जायची, दूर जाऊन विसरल्यासारखं करायची. बघणारे बोलायचे थांबत. कोंबड्या बघता बघता झोपत. अडचण एवढीच होती की ती पुरी झालेली कुणी पाहिली नव्हती.

ही अडचण बोंगकाकांना आज, पाचव्या दिवशी, दुसऱ्या वाटीनंतर सुचली होती. ते मासेंगचे थोरले भाऊ होते. अडचणी त्यांना अशाच उशिरा सुचत.

"एक आठवा," ते म्हणाले. "एकच पुरी. कुणी पाहिली असेल त्यानं बोलावं. वेळ कमी आहे."

मग त्यांनी स्वतःच सुरुवात केली.

"माझ्या लग्नात त्याला रेघ ओढायला बसवला होता. दोन्हीकडची माणसं गोल करून उभी. ती पुरी झाल्याशिवाय जेवायचं नाही, अशी रीत. निम्मी झाली आणि हा ओबेद रडला. एक वर्षाचा होता. मासेंग उठला आणि याला खांद्यावर टाकून समुद्राकडे गेला, लाटा दाखवायला. आम्ही उपाशी. बायकोच्या माहेरची माणसं अजून विचारतात, झाली का रे ती तुझ्या भावाची रेघ?"

मासेंगचा मुलगा ओबेद आता बत्तीस वर्षांचा होता आणि मालवाहू बोटीवर काम करायचा. तरी त्यानं मान खाली घातली.

"मी पहिल्यांदा बोटीवर निघालो तेव्हा बाबा शार्क काढत होते," तो म्हणाला. "भोंगा झाला आणि ते उठले. बोटीबरोबर किनाऱ्यानं पळत राहिले. मग किनारा संपला."

"मग?"

"मग पाण्यातून पळत राहिले."

"पोहत," बोंगकाकांनी दुरुस्ती केली. "प्रवाळाच्या रांगेपर्यंत गेला होता. होडी घालून आणावा लागला. होडीत घेतल्यावर पहिलं काय म्हणाला? ओबेदनं स्वेटर घेतलाय का."

"पोर्ट विलाच्या उकाड्यात स्वेटर?" पाद्र्यांनी विचारलं.

"तेच आम्ही म्हटलं."

धाकटी एल्डा दगडांपाशी आईला केळीची पानं पुसून देत होती. वरच्या वाडीतल्या शाळेत ती मास्तरीण होती. ती पानाकडे बघतच बोलली.

"माझ्या पायात काटा मोडला होता. बाबांचं वटवाघूळ चाललं होतं, एक पंख झालेला. मला पाठुंगळी घेतलं आणि डोंगर ओलांडून दवाखान्यात नेलं. मी पायासाठी रडत होते. बाबांना वाटलं, वटवाघळासाठी. सारखे म्हणत होते, उडेल गं. एका पंखानंही उडेल."

"उडत नाही," बोंगकाका म्हणाले.

"माहितीये काका."

सायलस पाद्री खाकरले. "ख्रिस्ती माणसाला म्हातारी लागू नाही," ते म्हणाले. "हे मी दर रविवारी सांगतो."

"मग तुम्ही तीन रेघा कशाला शिकलात, पाद्रीबाबा?" बोंगकाकांनी विचारलं.

"बोटांना व्यायाम म्हणून." त्यांनी वाटीतला कावा संपवला आणि थोडा वेळ वाटीच्या तळाकडे पाहिलं. "आणि माझी डुकरीण अडली होती तेव्हा मीच त्याला हाक मारली होती. तो उठून आला. नऊ पिलं झाली. रेघ कसली होती, मी विचारलंसुद्धा नाही."

डुकरीण वडाच्या मुळाशी पसरली होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले.

मग एकामागून एक आठवत गेलं. तुटलेलं छप्पर. ताप. एल्डाची परीक्षा, जिच्यात बाप शाळेबाहेर दिवसभर उभा होता आणि आतल्या मुलीपेक्षा जास्त घामाघूम झाला होता. कुजबुजत, हळूहळू, राख पडावी तशा अर्ध्या रेघा अंगणात पडत गेल्या. फणसाच्या झाडाची, बगळ्याची, दोन भावांच्या होडीची. आणि प्रत्येक रेघ जिथं तुटली होती तिथं इथं बसलेलं कुणी ना कुणी उभं होतं.

"म्हणजे आपणच," ओबेद म्हणाला आणि थांबला.

"आपणच," काका म्हणाले. "आता राहिली ही पत्र्याखालची. ही कुणामुळे—"

आणि त्यांनी जीभ चावली.

कारण ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी रोलिननं जेवायला हाक मारली होती. मासेंग म्हणाला होता, "आलोच." आणि खरंच आला होता, पायरीपर्यंत. त्यानंतर रोलिननं कुणालाच जेवायला हाक मारली नव्हती. पाच दिवस ती पातेल्याच्या झाकणावर डाव आपटत होती. तो आवाज ऐकून माणसं येत, गुपचूप जेवत आणि जात.

रोलिननं हातातला चिमटा खाली ठेवला. पदराला, म्हणजे कमरेला बांधलेल्या फडक्याला, हात पुसले. ती अंगणाच्या मधोमध आली, चार नारळ एकेक करून बाजूला ठेवले आणि पत्रा उचलला.

वाळूतली रेघ अजून ताजी होती. पाच दिवस झाकलेली, म्हणून बाकीच्या अंगणापेक्षा जास्त काळी. अर्ध्या ठिपक्यांभोवती ती फिरून आली होती आणि एका वळणावर अचानक थांबली होती, माणूस बोलता बोलता दारात थांबावा तशी.

"कासव नाहीच," काका पुटपुटले.

रोलिन उकिडवी बसली. बोट त्या शेवटच्या जागेवर टेकवलं. इथे बायकांनी रेघ ओढू नये असं काही नाही. फक्त त्या ओढतात असं कुणी म्हणत नाही. ती ओढू लागली. तिचं बोट मासेंगसारखं चरायला जात नव्हतं. ते कामाला निघाल्यासारखं जात होतं, सरळ, कुठं वळायचं ते ठरवून. उरलेल्या ठिपक्यांमधून ते गेलं, जुन्या रेघेखालून आलं, वरून गेलं आणि पहिल्या ठिपक्यावर येऊन थांबलं. कुठून मासेंग संपला आणि कुठून रोलिन सुरू झाली हे आता शोधून सापडलं नसतं.

एल्डानं विचारलं, "आई, हे काय आहे?"

"मला काय ठाऊक. त्यांनाच ठाऊक."

"मग तुला कसं आलं?"

"तीस-पस्तीस वर्षं अर्धं बघतेय. अर्धं समोर असलं की उरलेलं काय अवघड असतं?" तिनं बोट झटकलं. "ते उठून गेले की मीच पुरी करायची. मग झाडून टाकायची. अर्धी ठेवली की पोरं पाय देतात."

"सगळ्या?" ओबेद म्हणाला. "शार्कसुद्धा?"

"शार्क, वटवाघूळ. भाऊजींच्या लग्नातली पण. तुम्ही सगळे यांना शोधायला समुद्रावर गेला होतात, तेव्हा."

बोंगकाकांच्या चेहऱ्यावर एकतीस वर्षांची भूक येऊन गेली.

"बाबांना माहीत होतं?"

"रात्री आडवं झालं की विचारायचे, झाली का पुरी? मी म्हणायची, झाली. मग झोपायचे."

दगडांमधून वाफेची एक बारीक रेघ निघाली, वर जाऊन वळली आणि विरून गेली. आणि मग बोंगकाका, जे वाईट मनाचे नव्हते पण ज्यांना अडचणी सुचत, हळूच म्हणाले, "म्हणजे शेवट त्याला कधी शिकायलाच लागला नाही."

रोलिननं त्यांच्याकडे पाहिलं.

"तुला येतो गं. तो बसलाय तिथं म्हातारीसमोर, आणि शेवट इथं तुझ्याकडे."

सूर्य प्रवाळाच्या रांगेवर टेकला होता. पाणी तांबूस झालं होतं आणि पश्चिमेचं टोक त्यात एखाद्या झोपलेल्या जनावरासारखं काळं पडलं होतं. पुरुषांनी वाट्या खाली ठेवल्या. पाद्र्यांचं बोट मांडीवर आपोआप फिरू लागलं होतं. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी ते दुसऱ्या हातानं धरून ठेवलं. एल्डा आईचा हात धरायला पुढे झाली.

पण रोलिन उठली होती. ती दगडांपाशी गेली, वरचे दगड चिमट्यानं बाजूला केले, पानं उलगडली. लापलाप छान भाजलं होतं. तिनं बोट लावून पाहिलं. मग ती अंगणाच्या टोकाला, जिथून समुद्र दिसतो तिथं जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात तोंडाभोवती धरले.

"अहो!"

कावा प्यायलेली सगळी माणसं एकदम दचकली. बोंगकाकांची वाटी कलंडली. या वेळी बेटावर कुणी ओरडत नाही. कुणाला आठवतंय तेव्हापासून नाही.

"अहो, जेवायला या! निवतंय!"

हाक पाण्यावरून गेली. वडावरची वटवाघळं फडफडत उठली, दोन-दोन पंखांनी. डुकरीण उठून बसली. आणि अंगणातल्या प्रत्येकानं, पाद्र्यांनीसुद्धा, नकळत मान वळवून रेघेकडे पाहिलं, 'आलोच' ऐकायला.

सूर्य बुडाला.

रोलिन परत आली. श्वास थोडा चढला होता. तिनं लापलापचे तुकडे करायला घेतले.

"काय केलंस काय तू?" बोंगकाका कुजबुजले.

"काय केलं? हाक मारली. उठले असतील."

"मध्येच?"

"मग काय, पुरी करून? ते कधी उठलेत पुरी करून?"

बोंगकाकांनी यावर विचार केला. म्हातारीचा नियम त्यांनी आजोबांकडून ऐकला होता, आजोबांनी त्यांच्या आजोबांकडून. ज्याला रेघ पुरी करता येत नाही त्याला म्हातारी खाते. 'आलोच' म्हणून उठून गेलेल्याचं काय करायचं, याबद्दल कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

"आणि ती म्हातारी?"

"बसेल वाट बघत," रोलिन म्हणाली. "मी नाही बसले?"

तिनं सगळ्यांना वाढलं. शेवटी एक पान आणखी पसरलं, त्यावर कडेचा खरपूस तुकडा ठेवला, वर दुसरं पान झाकलं. झाडू हाताशीच होता. तिनं तो उचलला, रेघेकडे पाहिलं आणि परत भिंतीला टेकवला. मग झाकलेल्या पानाशेजारी बसली, आणि राख पडू नये म्हणून त्यावरून हलकेच हात फिरवत राहिली.