सायकल चालू आहे म्हणे

मी सायकल बोलतेय. दोन चाकांची, घंटीची, खरीखुरी. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझ्या नावावर भलतंच काहीतरी खपवलं गेलं आणि एका पोराच्या जिवावर बेतलं.

भांडुपच्या या चाळीत मला नलिनीच्या नवऱ्याने आणलं. कांजूरमार्गच्या कारखान्यात जायला त्याने मला वर्षानुवर्षं दामटलं. तो गेला, मग त्याच्या पोराने, विशालने, मला शाळेला पळवलं. पुढे विशालला जिमचं वेड लागलं आणि मी तळमजल्यावरच्या दवाखान्याच्या जाळीला साखळीने बांधली गेले. पेशंट माझ्या हँडलला पिशव्या अडकवतात. मला ते अजिबात खपत नाही.

एकदा नलिनी शेजारणीला गावच्या बोलीत मोठ्या मिजाशीत सांगत होती, "माझो झील आता सायकल करता. जिममधल्या प्रीतमान सांगल्यान त्याका."

मी हरखले. म्हटलं, आता तेल मिळेल, हवा मिळेल. कसलं काय. विशालचे दंड फुगत गेले, माझे टायर मात्र बसलेलेच.

मग त्याला मळमळायला लागलं. डोळे हळदीसारखे पिवळे. नलिनी त्याला धरून दवाखान्यात घेऊन आली. जाळीतून मला सगळं ऐकू येतं.

"काय घेतोस?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सायकल चालू आहे," तो पुटपुटला.

नलिनी उसळली. "खोटं बोलतोस? ती बघ, बाहेर गंजतेय. कधी हात लावलास तिला?"

बाई हसल्या नाहीत. "काकू, हे लोक स्टिरॉइडच्या कोर्सला सायकल म्हणतात."

"प्रीतमदादा पण तेच घेतो ना. त्याला कुठे काय झालं?" विशाल म्हणाला.

"तो तिशीचा, तू एकोणीसचा. तुला गेल्या वर्षी कावीळ होऊन गेली. तो किती घेतो, किती दिवस, गोळी की इंजेक्शन, सोबत आणखी काय, माहीत आहे तुला? गोळी एक असली तरी शरीर एक नसतं रे. आणि त्याच्या आत काय झालंय, ते त्याने तरी कुठे तपासलंय?"

नलिनी बाहेर आली. माझ्या हँडलवरची धूळ तिने पदराने पुसली.

विशालला मोठ्या हॉस्पिटलात ठेवावं लागलं. आता तो घरी आहे. गोळ्या बंद, डोळे निवळले, दंड उतरले. नलिनीने माझी साखळी सोडली, हवा भरून आणली. "बाई हो म्हणेपर्यंत बसायचं नाही. धरून चालायचं," असा हुकूम आहे.

काल जिमसमोरून जाताना प्रीतमने हटकलं, "काय रे, सायकल बंद?"

विशालने माझी घंटी वाजवली. "चालू आहे ना. ही काय."

तर पोरांनो, माझं एवढं ऐका. उद्या कुणी तुम्हाला सायकल सुरू कर म्हणालं, तर आधी विचारा, चाकं कुठे आहेत.