शेलारच्या ओढ्याची मोजफीत

मित्रांनो, मी एक जुनी मोजफीत आहे. तीस मीटर लांब, कापडी, चामड्याच्या गोल डबीत गुंडाळलेली. विद्यापीठात भूगोल शिकवणाऱ्या प्राध्यापक सरोजिनी कर्णिक यांनी मला विकत घेतलं आणि मी त्यांच्या भिवंडीच्या घरी आले.

दर वर्षी पावसाळा संपला, की मॅडम विद्यार्थ्यांना घेऊन जवळच्या शेलार गावच्या ओढ्यावर जात. रस्त्याखालच्या मोरीजवळ ओढ्याची रुंदी मोजत आणि तारीख घालून वहीत लिहीत. पहिल्याच वर्षी तिथले जमीनमालक केसरीनाथदादा आडवे आले. मोजणी झाली की जमीन जाईल, अशी त्यांना भीती होती. मॅडमनी त्यांना वही दाखवली, शांतपणे समजावलं आणि माझं एक टोक त्यांच्याच हाती दिलं. पुढे ते दर वर्षी आपणहून येऊ लागले.

विभागातले सहकारी म्हणत, आता उपग्रहाची चित्रं मिळतात, चिखल कशाला तुडवायचा? मॅडम वाद घालत नसत. एकोणीस वर्षांत त्यांनी एकही खेप चुकवली नाही. गुडघे दुखू लागले, तेव्हा काठी टेकत आल्या.

पहिल्या वर्षी मी चौदा मीटर उलगडले होते. मग गोदामांसाठी ओढ्यात मातीचा भराव पडू लागला. शेवटी मी पाच मीटरवरच थांबले.

पुढच्या पावसाळ्यात काठावरच्या सीताबाईंच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं. त्यांची शिवणाची दोन्ही मशिनं वाया गेली. तक्रार झाली, सुनावणी लागली. गोदामवाल्यांचा वकील म्हणाला, तिथे ओढा कधी नव्हताच, साधं गटार होतं. मॅडमनी एकोणीस वह्या टेबलावर ठेवल्या. हे आकडे खरे कशावरून, असं सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं.

तेव्हा केसरीनाथदादा उठले. गोदाम त्यांच्याच जागेत उभं राहणार होतं.

"साहेब, दर साली एक टोक मीच धरलंय," ते म्हणाले. "आकडा खरा हाय. आन् भराव माझा हाय."

मी मॅडमच्या मांडीवर होते. त्यांची बोटं माझ्या डबीवर घट्ट आवळली.

भराव निघाला. सगळा नाही, पण ओढा पुन्हा अकरा मीटर झाला. मॅडम निवृत्त झाल्या. मी सातव्या मीटरवर फाटले आणि बरीच वर्षं कपाटामागे पडून राहिले. मॅडमची विद्यार्थिनी मेघाली आता त्याच विभागात शिकवते. तिने मला शोधून काढलं, शिवलं. तिच्याकडे लेझरचं यंत्र आहे, तरी ती मुलांना सांगते, "आधी हिने मोजा. म्हणजे पाण्यात उतराल."

मित्रांनो, मी आणखी फार टिकणार नाही. पण मॅडमच्या वह्या टिकायला हव्यात. तुमच्याही गावात एखादा ओढा असेल. त्याच्यापाशी जा, मोजा, तारीख घाला. आणि पुढच्या वर्षी पुन्हा जा.