खंडेनवमीची काठी

गोजराबाईची काठी दिवसातनं किती वेळा पडायची, त्याला काही हिशेबच नव्हता. भिंतीला टेकवली की सरकायची, खुर्चीला अडकवली की घसरायची, आणि एकदा का फरशीवर आडवी झाली की तिच्यामागं वाकायचं कुणी? गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी वाकू नका म्हणून बजावलेलं. मग "अरे महेश! अगं शुभांगी! पडली बघा मेली परत!" ही हाक मखमलाबादच्या मळ्यात पार विहिरीपर्यंत ऐकू जायची.

सून शुभांगी हाताची हुशार. मळ्यातलं ठिबकचं काम सगळं तीच बघायची. तिनं प्लास्टिकच्या पाइपाचे वीतभर तुकडे कापले, एका बाजूनं उभे चिरले आणि तारेनं बांधून टाकले, खाटेच्या पायाला, मोरीच्या दाराला, ओट्याच्या कडेला. काठी चिरेत दाबली की खटकन बसायची, ओढली की सुटायची. गोजराबाई जिथं बसेल तिथं काठी हाताशी उभी.

"आत्याबाई, आता पडून दाखवू दे तिला," शुभांगी म्हणाली.

गोजराबाईनं काढघाल करून बघितली आणि "बरं केलंस हो," एवढंच म्हणाली. तिच्या तोंडून एवढं म्हणजे लय झालं.

शुभांगीनं असाच एक तुकडा फुलांच्या कॅरेटलाही बांधून दिला. मळ्यातला झेंडू आणि शेवंती घेऊन गोजराबाई नाशिकच्या फुलबाजारात बसायची ना, तिथं काठी हाताशी असावी म्हणून. पण बाजारात पोचल्यावर म्हातारी काय करायची? काठी गोणपाटाखाली सारायची आणि वर फुलं ओतायची! कारण साधं होतं, पण ती कुणाला सांगत नव्हती. म्हाताऱ्या बाईजवळ काठी दिसली की गिऱ्हाईक भाव तिला विचारत नाही, शेजारी उभ्या असलेल्या लेकाला विचारतं. हे तिनं दुसऱ्या बायकांच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलं होतं. एकदा भाव लेकाला विचारायला लागले की बाजारातली बाई संपली, मग ती नुसती घरातली आजी. आणि गोजराबाईला एवढ्यात संपायचं नव्हतं.

घटस्थापनेच्या दिवशी मात्र फजिती झाली. गिऱ्हाइकांची झुंबड उडालेली, उठायचं होतं, काठी गोणपाटाखाली अडकलेली. तिनं कॅरेटच्या थप्पीवर हात टेकला, थप्पी सरकली आणि बाई फतकल मारून झेंडूच्या ढिगात! लागलं काही नाही, पण आख्खा बाजार धावत आला. सोबत आलेल्या लेकाचा, महेशचा चेहरा रागानं आणि भीतीनं पांढराफटक पडला.

"बास झालं आता," घरी आल्यावर तो म्हणाला. "दसऱ्याला तू घरी थांब. मी बसतो बाजारात."

दसऱ्याला! वर्षाचा सगळ्यात मोठा बाजार, आणि घरी थांब! गोजराबाईनं जेवणाचं ताट सरकवलं. शेवटी शुभांगी मध्ये पडली, म्हणाली, काठी कॅरेटला, सगळ्यांसमोर लावून बसणार असाल तर चला, नाहीतर नाही. गोजराबाईनं हो म्हटलं खरं, पण ते दातओठ खाऊन.

खंडेनवमी उजाडली, दसऱ्याचा आदला दिवस. दसऱ्याचा बाजार आदल्या दिवशीच सुरू व्हायचा, म्हणून दुपारी टेम्पो भरून निघायचं होतं. पडवीत शुभांगीनं पाट मांडला, वर खुरपी, विळे, कात्र्या, फवारणीचा पंप ठेवला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. गोजराबाई लुगडं नेसून बाहेर आली आणि जागीच थबकली. माळेखाली, विळ्यांच्या शेजारी, तिची काठी!

"म्हटलं, तुमच्या रोजच्या उपयोगाची वस्तू," शुभांगी म्हणाली. पोरीनं मायेनंच मांडली होती.

महेशला मात्र आयतं कोलीत मिळालं. "झालं की मग! पूजेतलं हत्यार दसरा उजाडल्याशिवाय हलवायचं नाही, हे कुणी शिकवलं आम्हाला? मागच्या साली मी खुरपं उचललं तर दिवसभर बोलत होतीस."

खोटं नव्हतं. नियम तिचाच होता आणि तो तिनं कधी मोडला नव्हता. बाहेर टेम्पो भरून उभा. माळ न्यायला आलेली शेजारची साळूबाई दारात उभी राहून बघायला लागली. गोजराबाई काठीशिवाय दोन पावलं चालली, खांब धरून थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. असं आज घरी बसलं तर पुढच्या वर्षी कुणी विचारणारसुद्धा नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

मग तिनं डोळे पुसले.

"महेश, पूजा कशाची मांडलीय?"

"हत्यारांची."

"मंग काठी तिथं कशाला? ती हत्यार नाय. तो माझा पाय हाय."

इतके महिने जी काठी ती चारचौघांत लपवत आली, तिला साळूबाईच्या देखत पाय म्हणाली होती. "आन् पाय काढून पाटावर ठेवत नसतात," ती म्हणाली. "आण गं शुभे इकडं."

शुभांगीनं काठी उचलली, कुंकवाचं बोट तसंच राहू दिलं आणि सासूच्या हातात दिली. महेश डोकं खाजवत टेम्पोकडं गेला.

बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. गोजराबाईनं कॅरेट पुढं ओढायला लावलं आणि काठी त्याला खटकन बसवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी तीच दिसावी अशी. पहिलीच बाई आली कॉलेज रोडची, नेहमीची. काठीकडं बघून तिचा चेहरा बदलला. "अगंबाई मावशी, काठी लागायला लागली?" असं म्हणत ती महेशकडं वळली. "दादा, झेंडू कसा दिला?"

महेशनं तोंड उघडलं, पण गोजराबाईनं त्याला बोलू दिलं नाही.

"ओ ताई, इकडं बोला," ती म्हणाली. "माझा गुडघा गेलाय, तोंड नाय गेलं."

बाई हसली आणि पिशवी घेऊन तिच्यासमोर बसली. घासाघीस चांगली रंगली. महेश मुकाट्यानं फुलं मोजून द्यायला लागला, आई सांगेल त्या भावानं.