बायकांच्या टेबलावरचं लढाऊ विमान

दुकानदाराने आधी सुटे भाग जोडून करायच्या प्रवासी विमानाचा खोका पुढे केला. "हे न्या बाई, दिसायला गोड आहे. मुलगा केवढा आहे तुमचा?"

"मुलगा नाही. मलाच हवंय," मी म्हटलं. "ते वरचं लढाऊ काढा. नॅट."

शेजारी मिगही होतं आणि ते देखणं होतं. पण देखण्यांचं कौतुक करायला सारं जग बसलंय. एकाहत्तरच्या लढाईत खिडक्यांना काळे कागद लावून आम्ही वसईत रेडिओवर याच नॅटच्या बातम्या ऐकत होतो. एवढंसं विमान, पण भल्याभल्यांच्या नाकी नऊ आणणारं. मीही ठेंगणी आणि भांडकुदळ, त्यामुळे निवड सोपी होती. त्या लढाईनंतर वैमानिक व्हायचं म्हणून मी भरतीच्या कचेरीत गेले होते. तिथले साहेब पोट धरून हसले आणि मला नर्सिंगची चौकशी करायला सांगितली. तो राग अजून गेलेला नाही. जायचं काही कारणही दिसत नाही.

घरी आल्यावर आय म्हणाली, "रोझलिन, लग्नाच्या वयात खेळनी आनतात का गो? लोक काय म्हनतील?"

"लोकांना म्हणायला विषय मिळेल," मी म्हटलं आणि खोका उघडला.

पंखांचे दोन भाग चिकटवून ते वाळेपर्यंत कपड्यांच्या चिमट्यांत धरून ठेवले. नाकात वजन नसलं तर हे विमान शेपटीवर बसतं, म्हणून कोळणीकडून जाळ्याला बांधायचं शिसं मागून आणलं आणि ठोकून नाकात बसवलं. वैमानिकाच्या जागेवरची पहिली काच डिंक सांडून धुरकट झाली. मग सेंटच्या बाटलीचं प्लॅस्टिकचं झाकण कापून दुसरी केली. खोक्यात पंखांवर चिकटवायच्या परदेशी खुणा होत्या, त्या फेकल्या आणि आपल्या हवाई दलाची तिरंगी चक्रं हाताने रंगवली. माझा भाऊ कॉन्रॅड मुंबईला बँकेत जातो. एवढ्या दिवसांत त्याने त्या विमानावरची धूळसुद्धा फुंकली नव्हती.

गावच्या सणाला चर्चच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरतं. मी विमान देऊन आले. सणाच्या सकाळी पाहते तर ते पुरुषांच्या टेबलावर, आणि पुढे चिठ्ठी: कॉन्रॅड.

मी फर्डिनंड मास्तरांना गाठलं. प्रदर्शनाचे कर्तेधर्ते तेच.

"रीत आहे ना, रोझलिन," ते म्हणाले. "भरतकाम, लोणची, केक बायकांच्या नावाने. बाकीचं घरच्या पुरुषाच्या. घर एकच, नाव कुणाचं का असेना!"

"मग सगळ्यावरच माझं नाव लावा. घर एकच."

कॉन्रॅड कानाशी लागला. "जाऊ दे ना. मी बक्षीस तुलाच देईन."

त्याच्या त्या उदारपणाने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चिठ्ठी फाडली, विमान उचललं आणि बायकांच्या टेबलावर, उशांच्या अभ्र्यांमध्ये ठेवलं. मास्तरांनी ते परत नेलं. मी परत आणलं.

"आता हात लावलास तर बाद करीन," मास्तर म्हणाले. "जुलियानाबाई, आवरा मुलीला!"

आय उठली. आता ही मला दंडाला धरून घरी नेणार, असं मला वाटलं आणि रडू यायला लागलं. पण ती माझ्याकडे आलीच नाही. ती सरळ बागायतीच्या टेबलाकडे गेली. तिथे आमचा राजेळीचा घड होता. बाबा गेल्यापासून त्या केळींना पाणी लावणारी, टेकू देणारी, वाऱ्यात त्यांच्यासाठी धावणारी तीच. घडावर चिठ्ठी कॉन्रॅडची होती. तिने ती काढून त्याच्या हातात दिली, घड छातीशी धरून आणला आणि विमानाशेजारी धपकन ठेवला.

"हा माझा हाय, मास्तर," ती म्हणाली. "लिवा, जुलियाना. नायतर दोघींना बाद करा."

मास्तर नियम सांगत राहिले, पण त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. सालोमीमावशी नवऱ्याच्या नावाने ठेवलेला आपला दुधी उचलायला निघाली होती.